मीठ ज्याचं त्यानं घ्यावं

६ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे. विनंती करायची वेळ अजून आलेली नाही. विशेष मात्र बरंच साठलंय, म्हणून सरळ सुरुवात करते.

लग्नाच्या जेवणावरून फोनवर आपलं दोनदा वाजलं आणि मुलांनी फर्मान काढलं, की या विषयावर यापुढे दोघींनी लेखीच बोलायचं. माझी हरकत नाही. विम्याच्या ऑफिसात सव्वीस वर्षं मी लोकांचे दावे तपासतेय. कुणाचं गोदाम जळलं आणि कुणी जाळलं, ते मला कागदावरून कळतं. बोलताना माणूस सावध असतो, लिहिताना घसरतो.

तर मुद्दा. अठरा एप्रिलला सकाळी नोंदणी कचेरीत सह्या आणि दुपारी, आमची धाकटी तुमच्या गावी काम करते त्या वाचनालयाच्या मागच्या अंगणात ऐंशी माणसांचं जेवण. इथवर ठीक. पण धाकटी म्हणते, जेवण ‘घरगुती’ असणार. म्हणजे प्रत्येक कुटुंबानं घरून एकेक भांडं भरून आणायचं आणि आपण फक्त सूप, पाव आणि फळं ठेवायची. मी विचारलं, “लग्न आहे की शाळेची सहल?” ती म्हणाली, “आई, खर्च कमी, गंमत जास्त.”

हे वाक्य तिचं नाही. सहा ओळींच्या चिठ्ठीसाठी जी मुलगी भारीतला कागद आणते, ती खर्च कमी करायच्या गोष्टी आपणहून करणार नाही. मग वाक्य कुणाचं? तुमचे चिरंजीव छापखान्यात असतात. दिवसाला दहा वाक्यं बोलतात, त्यातली आठ शाईबद्दल. उरलं कोण?

तुम्ही कारखान्याचं कँटीन सांभाळता, रोज चारशे ताटं वाढता. ऐंशी माणसं म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ. तरी एकुलत्या एका मुलाच्या लग्नात पाहुण्यांनी घरून डबे आणायचे? कारण कळवावं.

तुमची (अजून व्हायचीच आहे),
धाकटीची आई


१० फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र मिळालं. वाचून मी आधी घरातलं एखादं गोदाम जळलंय का ते पाहून आले.

कल्पना माझी नाही. मुलांनी सांगितली, मी “चांगली आहे” म्हटलं. एवढाच माझा गुन्हा. चांगली आहेच. ऐंशी माणसांना आचारी लावा, मंडप घाला, आणि शेवटी पाहुणे काय म्हणतात? “भात गार होता.” त्यापेक्षा ज्याचं भांडं त्याची जबाबदारी. स्वतः आणलेल्या भाताला कोण गार म्हणतं?

मी काय योजलंय ते लिहिते. मोठ्या किटल्यांत भोपळ्याचं सूप, दाट, केशरी, वाफा येणारं. पाव शेजारच्या भट्टीतून आदल्या दिवशीचे घेऊ, निम्म्याला मिळतात. सकाळी पुन्हा शेकले की दाबल्यावर कर्रकन वाजतात. सालासकट भाजलेले बटाटे, मधे चीर दिलेले. काकडी-टोमॅटो पातळ कापून, पाण्यात टाकून, कडक ठेवलेले. फळं. चहा. कँटीनची घडीची टेबलं मी आणते.

आणि प्रत्येक टेबलावर मीठ, मिरपूड, लिंबाच्या फोडी. सूप अळणीच ठेवू. कुणाला कमी लागतं, कुणाला जास्त. मीठ ज्याचं त्यानं घ्यावं.

यात कुठे काय जळलं ते कळवा.

मुलाची आई


१५ फेब्रुवारी

विहीणबाई,

शिळे पाव. अळणी सूप. पाहुण्यांची भांडी. आणि आता मीठसुद्धा पाहुण्यांनी घालायचं. पुढच्या पत्रात बहुधा असं येईल की चावायचंही ज्याचं त्यानं.

माझ्या नोकरीत एक अनुभव आहे. खरी आग एका ओळीत सांगून होते. खोटीला तीन पानं लागतात. तुम्ही सूप, बटाटे, काकडी, सगळ्यांचं इतकं वर्णन केलंत, पण “तुम्ही स्वतः का करणार नाही” या माझ्या प्रश्नाला उत्तर दिलंच नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय.

मला दोन शक्यता दिसतात. एक, तुमचा हात आखडता आहे. तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी खर्च उचलते. दुसरी, आमची मुलगी तुम्हाला पसंत नाही आणि तिच्या लग्नात चुलीपाशी उभं राहायची तुमची इच्छा नाही. तसं असेल तर तेही स्पष्ट सांगा. धाकटी लग्नानंतर तुमच्याच घरी राहणार आहे. मनात आढी असलेल्या घरात मी तिला पाठवणार नाही. फार तर सह्यांच्या दिवशी माझी तब्येत बिघडेल.

आमचे हे म्हणतात, “तू उगाच संशय घेतेस.” ते आमच्या लग्नाच्या दिवशीही हेच म्हणाले होते.

रविवारी चिरंजीव इकडे आले होते, त्यांच्याबरोबर मी केलेली बिस्किटं पाठवली आहेत. मला स्वयंपाक येत नाही हे मी लपवत नाही. आयुष्यात हा दुसरा घाणा आहे. कशी झालीत ते जाणकार म्हणून खरंखरं लिहा.

धाकटीची आई


२१ फेब्रुवारी

विहीणबाई,

बिस्किटं फार छान. रंग बदामी, कडा कुठे करपलेल्या नाहीत, तोडली की टक्क आवाज येतो. गोडवाही बेताचाच ठेवलात, मला तसंच आवडतं. दुसऱ्या घाण्याला एवढं जमलं तर तिसऱ्याला दुकान काढाल.

धाकटी मला पसंत नाही, हे कुठून काढलंत? पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं माझी कात्री, सुरी आणि किसणी धारेप्रमाणे लावून ठेवली. पुस्तकं लावायची सवय. त्या दिवसापासून मी ती तशीच ठेवते. नापसंत मुलीनं लावलेली किसणी माणूस हलवतो.

हात आखडता नाही. तुमचे पैसेही नकोत. रोज चारशे माणसांसाठी उभं राहून राहून मुलाच्या लग्नात तरी खुर्चीत बसावं असं वाटतं. एवढं कारण पुरे नाही का? तुम्ही लग्नाच्या दिवशी दावे तपासणार आहात का? (बहुधा असाल.)

मुलाची आई


१ मार्च

विहीणबाई,

बिस्किटांबद्दल आभार. चार मी डब्यात मागे ठेवली होती, अजून उघडली नाहीत. आता धीर आला.

माझे धाकटे बंधू, म्हणजे धाकटीचे मामा, कामानिमित्त परवा तुमच्या गावी आले होते. योगायोगानं तुमच्या कारखान्यात, योगायोगानं जेवणाच्या सुट्टीत. जेवण उत्तम होतं असं ते म्हणाले. दोनदा घेतलं त्यांनी. पण एक गोष्ट त्यांनी पाहिली.

तुम्ही मोठ्या पातेल्यापाशी उभ्या होतात. मागे एक उंच, काटकुळी बाई होती. सगळे तिला ‘काकडी’ म्हणून हाक मारत होते. दर पातेल्यातून चमचाभर आधी ती चाखत होती. मग एप्रनवर बोटं ठेवायची. एकदा एक बोट, एकदा दोन, एकदा मूठ. तुम्ही तिच्या बोटांकडे बघायचात आणि मग मूठभर काहीतरी घालायचात. स्वतः तुम्ही अख्ख्या तासात एकदाही चमचा तोंडाला लावला नाहीत.

मामा म्हणाले, “ताई, राजाच्या स्वयंपाकघरात विष चाखायला ठेवतात तसं काहीतरी दिसतंय.” मी त्यांना गप्प केलं. पण स्वतः शिजवलेलं अन्न जी बाई तोंडात घालत नाही, तिच्याकडे माझी मुलगी रोज जेवणार आहे. त्या अन्नात काय असतं, ते मला लिहून हवं आहे.

धाकटीची आई


७ मार्च

विहीणबाई,

कँटीनमध्ये भाजी असते, भात असतो, पाणी असतं आणि योगायोगानं मामा असतात. दोनदा नाही, तीनदा घेतलं त्यांनी. तिसऱ्यांदा रांग मोडून.

काकडी माझी मदतनीस आहे, चौदा वर्षांपासून. चाखणं हे तिचं काम. मोठ्या स्वयंपाकघरात कामं वाटलेली असतात. तुमच्या ऑफिसात शिपाई शिक्का मारतो म्हणून साहेबांना हात नाहीत असं कुणी म्हणतं का?

आता माझी पाळी. काल एका केटररचा माणूस आमच्याकडे मोठी पातेली मागायला आला. एवढी भांडी त्याच्याकडे नाहीत, चांगलं गिऱ्हाईक मिळालंय, अठरा एप्रिलला ऐंशी माणसांचं जेवण आहे, वाचनालयाच्या अंगणात. मी म्हटलं, “अरे वा, कुणाचं लग्न?” त्यानं डायरी उघडून दाखवली. तुमचं नाव, तुमचा फोन, आणि पुढे तुमच्याच शब्दांत: ‘कुणाला सांगू नये.’

या धंद्यात सगळ्यांची पातेली सगळ्यांना ठाऊक असतात. हे तुम्ही तपासायला हवं होतं.

म्हणजे मी इकडे मुलांच्या मर्जीप्रमाणे टेबलं जमवतेय, आणि त्या दिवशी ऐंशी माणसांच्या पुढ्यात तुमचा केटरर झाकणं उघडणार! घरोघरची भांडी एका कोपऱ्यात, आणि मुलाची आई कंजूष हे न बोलता जाहीर. माझ्या मुलाला तुम्ही कळवता, की मी कळवू?

मुलाची आई


१४ मार्च

विहीणबाई,

केटररची गोष्ट खरी आहे. आगाऊ रक्कम दिली आहे. माझ्या भाषेत त्याला खबरदारी म्हणतात. कुणाकडून काय येईल त्याचा भरवसा नव्हता. मुलांना मी सांगेन. चार दिवस द्या.

पण आता तुमच्या खोटेपणाबद्दल.

काल ऑफिसात बिस्किटांचा डबा उघडला. माझ्या टेबलाशी तिघी होत्या. पहिलीनं चावलं आणि खिडकीशी गेली. दुसरीनं रुमाल काढला. तिसरी माझ्या हाताखाली आहे, तिनं गिळलं. मग मी स्वतः खाल्लं. माझ्या स्वयंपाकघरात सारखे दोन डबे आहेत, एक साखरेचा, एक मिठाचा. मी त्या बिस्किटांत वाटी-दीड वाटी मीठ घातलं होतं.

आणि तुम्ही लिहिलंत, “गोडवा बेताचाच.”

मी स्वयंपाकात अडाणी आहे हे प्रामाणिकपणे सांगितलं, जाणकार म्हणून खरं लिहा म्हणाले, आणि तुम्ही माझी खिल्ली उडवलीत. ती इतकी सफाईदार, की मला तीन आठवड्यांनी कळली. सव्वीस वर्षांत मला एवढं कुणी फसवलेलं नाही. बिस्किटं वाईट आहेत म्हणायची तुमची हिंमत नव्हती, की मला हसायची हौस होती? काकडीला दाखवून हसलात का?

या पत्राला उत्तर आलंच पाहिजे.

धाकटीची आई


२४ मार्च

विहीणबाई,

दहा दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. चिरंजीवांना विचारलं. ते म्हणाले, “आई बरी आहे, गप्प असते.”

एखाद्या दाव्यात उत्तर येईनासं झालं की मी सगळे कागद पहिल्यापासून पुन्हा वाचते. तशी काल तुमची पत्रं मांडून बसले. पेन्सिल हातात होती. तुम्हाला कुठे पकडता येईल ते शोधायचं होतं, खोटं कशाला बोलू?

सूप: दाट, केशरी, वाफा येणारं. पाव: दाबल्यावर कर्रकन वाजणारे. बटाटे: मधे चीर दिलेले. काकडी: कडक. बिस्किटं: बदामी, टक्क वाजणारी. रंग आहे, आवाज आहे, वाफ आहे. चवीचा शब्द सगळ्या पत्रांत एकदाच येतो, ‘गोडवा’, आणि तो चुकतो. आयुष्यभर रांधणारी बाई जेवणावर पानंच्या पानं लिहिते आणि चव सोडून सगळं लिहिते. मग मामांनी सांगितलेली बोटं. अळणी सूप. मीठ ज्याचं त्यानं घ्यावं.

मी पेन्सिल खाली ठेवली.

विहीणबाई, तुम्ही माझी खिल्ली उडवली नव्हती. ती बिस्किटं तुम्ही खरंच खाल्लीत, आणि तुम्हाला काही कळलं नाही.

कधीपासून?

धाकटीची आई


३० मार्च

विहीणबाई,

नोव्हेंबरपासून.

आठ दिवस ताप होता. ताप उतरला आणि पहिल्या दिवशी चहा घेतला तो गरम पाण्यासारखा लागला. वाटलं, साखर संपली असेल. मग लिंबू चाटलं. मग मिरची चावली. तोंड भाजलं, पण मिरची नव्हती. वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर येणार नाही. एवढं सांगायला त्यांनी दोनदा बोलावलं.

काकडीला दुसऱ्याच दिवशी कळलं. तिनं एप्रनवर एक बोट ठेवलं आणि मिठाच्या बरणीकडे पाहिलं. तेव्हापासून असंच चाललंय. एक बोट म्हणजे मीठ हवं, दोन म्हणजे पुरे, मूठ म्हणजे आंबट कमी. कारखान्याचे मॅनेजर जून महिन्यात कँटीनचं पुढच्या वर्षाचं ठरवतात, आणि आचाऱ्याला चव लागत नाही म्हटल्यावर कोण ठेवून घेईल? आंधळ्या ड्रायव्हरला कितीही रस्ता पाठ असला तरी कुणी गाडी देत नाही.

मुलाला सांगितलेलं नाही. घरी काकडी नसते. घरी मी अंदाजानं घालते, “बरं झालंय का?” विचारते, तो “हो” म्हणतो. म्हणजे बरं होत असावं. मुलांनी घरोघरच्या भांड्यांची गोष्ट काढली तेव्हा मला वाटलं, सुटले. लग्नात ऐंशी माणसांसमोर, आपल्या मुलाच्या पहिल्या घासाला आपला हात चुकू नये. एवढंच होतं, दुसरं काही नव्हतं.

आता तुम्ही काय करणार? माझ्या मुलाला सांगायचं, केटररला पुढे करायचं, की मामांना पुन्हा योगायोगानं मॅनेजरकडे पाठवायचं? जे करणार असाल ते आधी मला कळवा. एवढी तरी विनंती.

मुलाची आई


४ एप्रिल

विहीणबाई,

केटररला नाही म्हणून कळवलंय. आगाऊ रक्कम त्यानं परत केली नाही. मी मागितलीही नाही, हे आमच्या ह्यांना अजून खरं वाटत नाही.

मी कुणालाही काही सांगणार नाही. ते तुमचं आहे.

मात्र अळणी सूप चालणार नाही. भोपळ्याच्या सूपला मीठ वरून घातलं तर ते वरच राहतं, एवढं मलाही कळतं. काकडीला त्या दिवशी कँटीनमधून सुट्टी मिळणार नाही. म्हणून मी दोन दिवस आधी येते. मला रांधता येत नाही, पण वाईट काय झालंय ते सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही. एक बोट, दोन बोटं, मूठ, हे पाठ केलंय. ऑफिसात सराव चालू आहे. तिघींनाही वाटतंय की मला वेड लागलंय.

धाकटीची आई


८ एप्रिल

विहीणबाई,

दीड महिना माझ्यावर पाळत ठेवलीत आणि आता एकदम चमचा घेऊन मदतीला येता. मी पत्र तीनदा वाचलं, तुमच्यासारखंच. यात तुमचा फायदा काय, ते सापडलं नाही. फायदा नसलेल्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

दया आली असेल तर येऊ नका.

तसं नसेल तर सोळा तारखेच्या सकाळच्या गाडीनं या. भोपळे तेव्हाच येतात.

मुलाची आई


२४ एप्रिल

विहीणबाई,

तुमच्या गावाहून परत येऊन चार दिवस झाले, अजून हाताला भोपळ्याचा वास आहे. एक गोष्ट तुम्हाला समोरासमोर सांगायला हवी होती, जमलं नाही. आपलं लेखीच बरं जमतं.

त्या दुपारी सूप चांगलं झालं होतं. माझी दोन बोटं मी स्वतः एप्रनवर ठेवली होती, आणि खोटी साक्ष मी देत नाही. चिरंजीवांनी पहिला चमचा घेतला आणि म्हणाले, “आई, आज छान केलंस.” बस, एवढंच. तुम्ही डाव खाली ठेवलात आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलंत, की मला नोव्हेंबरपासून चव लागत नाही, हे या बाईंनी चाखलंय. मी तसं करायला सांगितलं नव्हतं. तुम्ही तरी असं काही ठरवलं होतं का, देव जाणे.

मग चिरंजीव वाटी ठेवून आत गेले. तुम्हाला वाटलं, त्यांना लाज वाटली. तुमचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यानं तुम्ही पुढचा तासभर पाव वाढलेत.

मी त्यांच्यामागे गेले. संशय घ्यायची सवय, दुसरं काय. ते पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये उभे होते, डोळे पुसत. मला म्हणाले:

“नोव्हेंबरात मी आईला लग्नाचं सांगितलं. त्याच आठवड्यापासून घरी जेवण बिघडलं. कधी खारट, कधी आंबट, कधी काहीच नाही. कँटीनमधल्या जेवणाचं मात्र सगळे कौतुक करत होते. म्हणजे मुद्दाम. मला वाटलं, तिला लग्न नकोय, आणि तोंडानं सांगायचं नाही म्हणून ताटातून सांगतेय. पाच महिने मी ‘बरं झालंय’ म्हणून खाल्लं. लग्नात तिला रांधायला लागू नये म्हणून मीच घरोघरच्या भांड्यांचं काढलं. म्हटलं, हिच्या मनाविरुद्ध हिला चुलीशी कशाला उभं करायचं?”

तर पहिल्या पत्रात मी ज्याच्या शोधात होते, ते वाक्य त्यांचं. मी तुमच्यावर संशय घेतला, तुम्ही माझ्यावर, आणि ज्याच्यावर कुणीच घेतला नाही तो पोरगा पाच महिने खारट जेवत होता.

त्यांनी हे तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं. मी कबूल केलं होतं. पण तुम्ही त्यांच्या त्या आत जाण्याचा भलताच अर्थ लावून बसाल, म्हणून शब्द मोडते.

मॅनेजरांचं काय? पाहुण्यांत कारखान्याची सहा माणसं होती. त्यांच्या कानावर जायच्या आत तुम्हीच सांगितलेलं बरं.

धाकटीची आई


११ जून

विहीणबाई,

उशीर झाला. तुमचं पत्र मुलासमोर ठेवलं. त्यानं वाचलं. तो उठला आणि त्यानं दोघांसाठी अंडी केली. मला कळलं नाही कशी झाली. त्यानं सांगितलं, “वाईट.” पाच महिन्यांत या घरात जेवणाबद्दल बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य. आता धाकटीही तसंच सांगते. ती तर कागदावर लिहून भांड्याला चिकटवते.

मॅनेजरांना मी दुसऱ्याच सोमवारी सांगितलं. त्यांनी हातातला पेपरवेट बाजूला ठेवला. मग म्हणाले, “मग इतके दिवस स्वयंपाक कुणाचा होता?” मी म्हटलं, “हात माझे, तोंड काकडीचं.” त्यांनी डाव काकडीकडे दिला, मला चिरण्याच्या टेबलावर बसवलं. पगार कमी, पण खुर्ची आहे. काकडीला जूनअखेरपर्यंत बघतो म्हणालेत. नीट चाललं तर मुख्य म्हणून कायम करतील. चौदा वर्षं ती बटाटे सोलत होती, विहीणबाई. पहिल्या दिवशी डाव हातात घेतला तेव्हा तो तिनं आधी एप्रनला पुसला, स्वच्छ असूनसुद्धा.

आता पुढचं फक्त तुम्हाला. वाचून फाडा. तुम्ही कागद फाडत नाही हे ठाऊक आहे, तरी लिहितेय.

काल दुपारी सगळी माणसं जेवून गेल्यावर काकडीनं मला वाटीभर सूप आणून दिलं. म्हणाली, “कसं झालंय, बघा तरी.” चवीचं विचारून उपयोग नाही हे तिला माहीत आहे. रंग-वाफ बघून काहीतरी बरं बोलावं, एवढीच तिची अपेक्षा. मी चमचा तोंडात घातला.

सूप जळलेलं होतं. तळाला लागलेलं, कडवट, अगदी वाईट. आणि ते मला लागलं. सात महिन्यांनी. आधी मला वाटलं भास आहे. मग दुसरा चमचा घेतला. जळलेलंच.

आता हे मॅनेजरांना कळलं तर ते उद्याच डाव माझ्याकडे देतील. आणि काकडी काही न बोलता परत बटाटे सोलायला बसेल, हेही मला माहीत आहे. म्हणून जूनअखेरपर्यंत मला चव लागत नाही. मुलालाही सांगितलेलं नाही. तुम्ही धाकटीला सांगायचं नाही. विस्तव जरा कमी ठेव, एवढं मी काकडीला दुसऱ्या कुठल्या तरी निमित्तानं सांगेन.

पण त्या क्षणी माझं चुकलं. मी “छान वाफ येतेय” म्हटलं, इथवर ठीक होतं. वाटी संपवली, तेही ठीक. मग मी आणखी एक वाटी मागितली.

जळकं सूप दुसऱ्यांदा कोण मागतं? चव गेल्यापासून मी कशाचीच दुसरी वाटी मागितलेली नाही, हे तिला ठाऊक आहे. ती डाव हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. तिला संशय आलाय.

तुमची,
विहीण